मेदजन्य, मेदोज की नुसतं चरबीतल्या?

तपोवन
नाशिकमधल्या एका संशोधन प्रकल्पाचं रुग्ण-संमतिपत्र मराठीत आणायचं आहे. भाजल्यामुळे किंवा गाठ काढल्यामुळे राहिलेला खळगा भरायला रुग्णाच्याच पोटावरची चरबी आणि तिच्यातल्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात त्या) वापरायच्या, असा विषय. पहिल्या खर्ड्यात ‘चरबीपासून तयार केलेल्या मूलपेशी’ होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘मेदजन्य स्कंधपेशी’ केलं. यातलं बरोबर कुठलं? आणि सिन्नर-निफाडच्या माणसाला कळेल कुठलं?

मुद्रितशोधक
मूळ शब्द मेदस्. संधी केला तर मेदोजन्य, मेदोज. ‘मेदजन्य’ धेडगुजरी आहे. शिवाय सुश्रुतसंहितेत ‘मेदोज ग्रंथी’ आहे, म्हणजे मेदामुळे उद्भवलेली गाठ. ‘जन्य’ लावलं की कारण सूचित होतं, ठिकाण नाही. जलजन्य आजार पाण्यामुळे होतात. या पेशी मेदामुळे होत नाहीत, मेदात राहतात.

द्राक्षमळा
‘चरबीपासून तयार केलेल्या’ही चूकच, पण वेगळ्या कारणाने. नळीने ओढलेली चरबी आधी सलाइनने रक्त जाईपर्यंत धुतात. मग ०.०७५ ते ०.१ टक्के कोलॅजिनेज, म्हणजे पेशींना धरून ठेवणारं जाळं विरघळवणारं विकर (एन्झाइम), घालून ३७ अंशांवर ३० ते ६० मिनिटं हलवत ठेवतात. वेळ कमी पडला तर गुठळ्या राहतात, जास्त झाला तर पेशीच मरतात. त्यात विकराची प्रत्येक खेप सारख्या ताकदीची नसते, म्हणून नवी बाटली फोडली की आधी थोड्यावर अजमावून बघावं लागतं. सीरम घालून विकर थांबवलं की १२०० जी वर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १२०० पट जोराने, यंत्रात १० मिनिटं गरगर फिरवायचं. तेल आणि मेदपेशी वर तरंगतात, हवं ते तळाशी बसतं. म्हणजे चरबी टाकूनच द्यायची. ताक घुसळून लोणी फेकायचं नि तळचं ठेवायचं, असा उलटा संसार.

काथ्याकूट
मग ‘वसा’ घ्या. घेतला वसा टाकणार नाही म्हणतात, इथे घेतलेली वसाच टाकायची!

मुद्रितशोधक
तो वसा पुल्लिंगी, ही स्त्रीलिंगी. आणि सुश्रुताच्या मते वसा म्हणजे शुद्ध मांसातला स्नेह. त्वचेखालच्या थराला चालणार नाही.

रामशेज
तळाशी बसलेल्याला प्रयोगशाळेत सर्रास ‘पेलेट’ म्हणतात, भाषांतरात ‘गोळी’ करतात. रुग्णाला वाटतं, गिळायची आहे. मराठीत ‘साका’ आहे ना! वरच्या पाण्याला ‘निवळ’. पण साका म्हणजे निव्वळ स्टेम सेल नव्हेत. त्यात रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी, पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी, सगळी सरमिसळ असते. तांबड्या फोडायला अमोनियम क्लोराइड, मग १०० मायक्रोमीटरची गाळणी. त्यानंतरही मिश्रणच. प्लास्टिकच्या थाळीला चिकटून वाढतात त्यांनाच ते नाव शोभतं. संमतिपत्रात साक्याला ‘मूलपेशी’ म्हणणं म्हणजे गव्हाच्या पोत्याला रवा म्हणणं.

द्राक्षमळा
आणि इथेच ‘तयार केलेल्या’ हा शब्द परत आत येतो, मघाशी मी घाईने हाकलला. साका त्याच दिवशी परत सोडणार असाल तर पेशी ‘वेगळ्या केलेल्या’. थाळीत वाढवून संख्या वाढवणार असाल तर ‘तयार केलेल्या’ हेच खरं. २०१३ च्या डॅनिश चाचणीत १४ दिवस वाढवलेल्या पेशी मिलिलिटरला २ कोटी या हिशेबाने चरबीत मिसळून दंडात सोडल्या. चार महिन्यांनी सुमारे ८१ टक्के आकार टिकला, नुसत्या चरबीचा १६ टक्के. पण त्यासाठी चरबी दोनदा काढावी लागते, आधी वाढवायला थोडी, मग भरायला. रुग्णाला सुई दोनदा लागणार की एकदा, हे त्या एका क्रियापदावरून कळायला हवं.

काथ्याकूट
चरबी फारसी म्हणून खटकत असेल तर भगूर जवळच आहे, सावरकरांचे अनुयायी पर्याय देतील. पण खरी अडचण फारसीची नाही. ‘तुमची चरबी उतरवू’ हे मराठीत दमदाटीचं वाक्य आहे.

तपोवन
तरी लोक ‘पोटावरची चरबी’च म्हणतात. ‘मेद’ जाहिरातीत वाचलेला असतो, बोलत कोणी नाही.

मुद्रितशोधक
बोलत नाहीत म्हणून लिहायचंच नाही? मग ‘पेशी’ही सोडा. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, हिंदीत अजून मांसपेशी म्हणजे स्नायू. आपण तो शब्द सेलला दिला आणि ‘स्नायू’, जो मुळात बंध, तो मांसपेशीला. रुजलंच ना?

रामशेज
रुजायला शाळेची पुस्तकं लागतात. संमतिपत्र सहीआधी दहा मिनिटं हातात असतं. ‘स्कंधपेशी’ वाचून खांद्यातून काही काढणार असं वाटलं तर तो दोष रुग्णाचा नव्हे. आणि एक, ‘उपचार’ शब्द कुठेही असेल तर काढा. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) स्टेम सेलविषयीच्या २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावात ‘संशोधन आणि उपचार’ होतं, २०१३ साली त्यातला ‘उपचार’ मुद्दाम गाळला, २०१७ च्या आवृत्तीतही तो परतला नाही. चाचणी आहे, चाचणीच म्हणा.

तपोवन
‘पोटावरच्या चरबीतून वेगळ्या केलेल्या मिश्र पेशी’ असं लिहितो, त्याच दिवशी परत सोडायच्या आहेत. ‘पुनर्रचना शस्त्रक्रिया’ राहू दे ना?

काथ्याकूट
पुनर्रचना शहराची, मंत्रिमंडळाची. नाकाची होते का? लक्ष्मणाने शूर्पणखेचं कापलं त्या गावात तरी जपून लिहा.

मुद्रितशोधक
नाक कापलं म्हणून नाशिक, हे लोककथेपुरतं ठीक. नऊ शिखरांवरचं गाव म्हणून नवशिख, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात.

द्राक्षमळा
कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने परत बसवल्याची ती प्रसिद्ध हकीकत पुण्याकडची, कावसजी नावाच्या गाडीवानाची, १७९४ साली लंडनच्या मासिकात छापलेली. आधी मेणाचं नाक करून त्याच्या मापाने कपाळावर रेघ ओढली. त्यात चरबीचा संबंध नाही.

काथ्याकूट
पण मग ‘नासिक’ असंच लिहायला हवं. श आला कुठून?