रि: रि: कॉरोनरचं ऑफिस बंद, बाबांना पुण्याला कधी नेता येईल?

मेधा (शनिवार सकाळ):
बाबा गेल्याचं बहुतेकांना कळलंच आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेले, इथे इंग्लंडमध्ये जीपी (फॅमिली डॉक्टर) नाही, त्यामुळे केस कॉरोनरकडे, म्हणजे अशा मृत्यूंचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेली. शुक्रवारी दुपारी तिथल्या बाई म्हणाल्या पोस्टमॉर्टेम होईल, कधी ते सोमवारनंतर कळवू, तेव्हापासून फोन मशीनवर जातोय. पुण्याहून दादा तासातासाला विचारतोय तिकिटं काढू का. पोलिस आले तेव्हा बाबांचा गोळ्यांचा डबा घेऊन गेले, आई तेच धरून बसलीये. कुणाला अनुभव?

अविनाश, रेडिंग:
तिकीट अजिबात काढू नका!! बॉडी देशाबाहेर न्यायची तर कॉरोनरला आधी नोटीस द्यावी लागते, फ्युनरल डायरेक्टर भरतो, फी नाही, चार दिवस धरून चाला, लवकर पण होतं. इन्क्वेस्ट (कॉरोनरची कोर्टातली चौकशी) लागलीच तर मृत्यूचं इंटरिम, म्हणजे तात्पुरतं सर्टिफिकेट मागा, निकालापर्यंत थांबायला लागत नाही.

सुनंदा:
विमान कशाला, इथेच दहन करा ना, अस्थींना ती परवानगी लागत नाही. मामंजींच्या वेळी आम्ही हँडबॅगेतून नेल्या, सर्टिफिकेट वरच ठेवलेलं, थेट नाशिकला रामकुंडावर.

डॉक्टर:
सुनंदाताई, पोस्टमॉर्टेम झालं की दहनालाही कॉरोनरचाच कागद लागतो, तेव्हा वाट बघणं आलंच. मेधा, कुटुंबाला पोस्टमॉर्टेमला नाही म्हणायचा हक्क नाही, पण चिरफाड न करता सीटी स्कॅनवर भागेल का हे आजच ईमेलने विचार. काही कौन्सिल (इथल्या नगरपालिका) स्कॅनचा खर्च उचलतात, काही ठिकाणी घरच्यांना भरावा लागतो. कॉरोनरचा पैसा कौन्सिलचा, म्हणून दर गावी वेगळी तऱ्हा. २०२१ ला संसदेतल्या कॉमन्सच्या जस्टिस कमिटीने सांगितलं होतं अख्ख्या देशाला एकच सेवा करा, सरकार नाही म्हणालं.

खजिनदार:
स्कॅनचे पैसे मंडळाच्या निधीतून देणार का असं मला खाजगीत विचारलं गेलं. निधी सभासदांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही, ठराव वाचावा.

सुनंदा:
मेधाने पैसे मागितलेत कुठे? आणि गणपतीच्या ढोलांना कुठला ठराव होता?

अविनाश, रेडिंग:
ढोलांचा विषय इथे नको. मेधा, ईमेलमध्ये धार्मिक कारण स्पष्ट लिही. २०१८ मध्ये उत्तर लंडनच्या कॉरोनरचा नियम होता, धर्मासाठी कुणाचा नंबर पुढे घेणार नाही, ज्यूंची दफनसंस्था कोर्टात गेली आणि हायकोर्टाने तो बेकायदा ठरवला. खासदाराला द्यायच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे केव्हाचा पडलाय, आपल्या मंडळाच्या कमिटीत कुणी वाचला नाही हा भाग वेगळा.

खजिनदार:
वाचला होता. चार पानी आहे.

मेधा (सोमवार):
स्कॅनला हो म्हणाले, बुधवारी आहे. त्या बाईंनी स्वतःचा थेट नंबर दिला, शुक्रवारीच दिला असता तर आई दोन रात्री झोपली असती. दादाला थांबवलंय. फक्त तो गोळ्यांचा डबा परत हवाय तिला, कुणाकडे मागायचा, पोलिस की कॉरोनर?