‘अकिरा’ चुकीच्या वयात पाहिला, तेच बरोबर झालं

दुसरी_सीडी

मे 2005. अकरावीची परीक्षा आटोपलेली, पारा 45 च्या वर, नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी दुपारी दारं-खिडक्या बंद आणि कूलर फुल. चार पोट्टे जमलो होतो. एकानं बर्डीवरून भाड्यानं ‘अकिरा’ या जपानी ॲनिमेशनपटाची सीडी आणली होती. कव्हरवर लाल कपड्यातला पोरगा, म्हणजे कानेदा, पाठमोरा, लाल बाईककडे चाललेला. दुकानदारानं ती लहान मुलांच्या खोक्यात, टॉम अँड जेरीच्या शेजारी ठेवलेली. कार्टून आहे ना, मग जाईल कुठं?

पहिल्याच मिनिटाला टोकियो जातं. स्फोटाचा आवाज नाही, काही नाही. एक पांढरा गोळा वाढत वाढत शहर गिळतो. मग 2019 सालचं निओ-टोकियो, बाईकच्या मागच्या दिव्यांच्या लाल रेघा, आणि ते संगीत! बालीमधली बांबूची वाद्यं आणि जपानी नोह नाटकातलं घुमणं एकत्र केलंय, हे फार नंतर कळलं. त्या दिवशी आतल्या खोलीतून आई ओरडली, “काय मारबत लावून राहिले रे भरदुपारी?” मारबतीच्या मिरवणुकीसारखाच आवाज होता तो.

आता खरी गंमत. सिनेमा 124 मिनिटांचा. एका व्हीसीडीत बसायची जेमतेम 74 ते 80 मिनिटं. म्हणजे सीड्या दोन. कव्हरात होती एक. दवाखान्यात बाईकवाल्या टोळीतल्या तेत्सुओला ती अवाढव्य खेळणी घेरतात, त्यांच्यातून दूध गळतं, त्याच्या पायात काच घुसते आणि रक्त पाहून खेळणीच घाबरतात. आमच्यासाठी सिनेमा तिथं संपला. स्क्रीन निळी. दुकानदार म्हणाला, दुसरी कोणीतरी परतच केली नाही.

दीड वर्ष आम्ही अर्ध्या सिनेमावर काढलं. अकिरा कोण? एक म्हणे तेत्सुओचा मेलेला भाऊ. एक म्हणे बॉम्बचं नाव. मी म्हणायचो, अकिरा दिसणारच नाही, शेवटपर्यंत नुसते वाट पाहतील. कॉलेजात हॉस्टेलच्या पीसीवर अख्खा सिनेमा मिळाला. ऑलिम्पिक स्टेडियमखाली अकिरा निघतो तो काचेच्या बरण्यांत. नुसते नमुने. मी खोलीभर नाचलो. आमच्यावाला अकिरा जवळपास बरोबर निघाला होता.

म्हणून सांगतो, मोठ्यांसाठीचा ॲनिमेशनपट पहिल्यांदा चुकून पाहावा, कळायच्या वयाआधी, जमलं तर अर्धवट. आता आधी वयाचा इशारा येतो, मग कोणीतरी वीस मिनिटांत शेवट समजावून देतो, आणि उरलेलं तुम्ही पाहता. तुम्ही पहिल्यांदा कुठं पाहिला ते सांगा. पटत नसेल तर भांडा.

बोन्साय_धरमपेठ

भांडते.

“चार पोट्टे जमलो होतो” हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. मी त्याच वर्षी, त्याच वयाची, याच गावात होते. सीडीच्या दुकानात मुली एकट्या रेंगाळत नसत. रेंगाळलंच तर मालक “क्या चाहिए बेटा” म्हणत शाहरुखच्या रॅकपाशी नेऊन सोडायचा. आमच्या घरीही भावाचे मित्र जमायचे, दार आतून बंद. मी पन्ह्याचे ग्लास दारापर्यंत न्यायचे, ट्रे आत जायचा, दार लागायचं. “तुझ्या कामाचं नाही.” बहुतेक हाच सिनेमा होता, कारण ‘कानेदा! तेत्सुओ!’ हे ओरडणं मला दाराबाहेरून पाठ होतं.

मी तो पहिल्यांदा पाहिला चोविसाव्या वर्षी, पुण्यात, ऑफिसच्या लॅपटॉपवर, हेडफोन लावून, एकटीनं. मला बाईकच्या लाल रेघा नाही आठवत. तेत्सुओची मैत्रीण काओरी आठवते. दुसऱ्या टोळीची पोरं तिला रस्त्यात गाठतात, कपडे फाडतात. शेवटी तेत्सुओचं शरीर आवरेनासं होतं आणि ती त्याच्याच मांसात चिरडली जाते. अख्ख्या सिनेमात तिला बोलायला किती वाक्यं आहेत, मोजा कधी. सोळाव्या वर्षी तुम्हाला ती दिसली होती का? खरं सांगा.

चुकून पाहायला मिळणं ही तुमची सोय होती. तिचा नियम करू नका.

दुसरी_सीडी

खरं सांगतो. पहिला प्रसंग पहिल्याच सीडीत होता, आणि आम्ही तेव्हा हसलो होतो. घाबरून हसलो की कसं, आता सांगता येत नाही. चिरडली जाते ते न मिळालेल्या दुसऱ्या सीडीत, हॉस्टेलवर पाहिलं. ते पाहताना मात्र कोणी हसलं नाही.

पण ताई, हेच तर मी म्हणून राहिलो. तेव्हाचं हसणं आज टोचतं, कारण ते पाहणं तेव्हाचं आहे. चोविसाव्या वर्षी पाहिला असता तर शहाण्यासारखा पाहिला असता, आणि विसरलो असतो.

बोन्साय_धरमपेठ

मी शहाण्यासारखा पाहिला आणि विसरले नाही. त्याचं काय करायचं?

प्रोजेक्टर_रूम

दोघांच्याही भावना पोचल्या. पण मूळ लेखकानं सिनेमा पाहिलेलाच नाही, हे कोणी सांगणार आहे का?

व्हीसीडी म्हणजे 352 गुणिले 288 चं चित्र. ‘अकिरा’साठी सुमारे 1 लाख 60 हजार सेल, म्हणजे पारदर्शक शीटवरची चित्रं, रंगवली, 327 रंग वापरले, त्यातले कितीतरी खास याच सिनेमासाठी तयार केले, कारण निम्म्याहून जास्त गोष्ट रात्री घडते आणि काळोखाच्या छटा वेगवेगळ्या दिसायला हव्या होत्या. व्हीसीडीवर त्या सगळ्या छटांचा एकच काळा चौकोनी चिखल होतो. ज्या लाल रेघांचं एवढं कौतुक केलंत, त्या तुम्ही पायऱ्या-पायऱ्यांच्या पाहिल्या असणार.

शिवाय आवाज. जपानात सहसा चित्रं आधी होतात, आवाज मागून भरतात. दिग्दर्शक ओतोमोनं उलटं केलं. आधी संवाद रेकॉर्ड केले, मग त्याबरहुकूम ओठ रंगवले. तुमच्या सीडीवर इंग्रजी डबिंग असणार, म्हणजे ती सगळी मेहनत पाण्यात. 2020 मध्ये नव्यानं साफ केलेली 4के प्रत आली. माझ्या लेखी तो पहिल्यांदा पाहणं तिथून सुरू होतं.

दुसरी_सीडी

इंग्रजीच होती. आम्हाला इंग्रजीही निम्मंच समजायचं, त्यामुळे ओठ जुळतात का हे पाहायला कोणी रिकामं नव्हतं. आणि भाऊ, 21 इंची टीव्ही, त्यावरच्या कव्हराची झालर अर्धी लोंबलेली. तुम्ही रंग मोजा, आम्ही घाम पुसत होतो.

प्रोजेक्टर_रूम

म्हणजे कूलर आठवतो, सिनेमा नाही. माझा मुद्दा तोच.

सिवनी_रोड

मी तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा, अठ्ठावन्न वर्षांचा, म्हणून आपलावाला अनुभव सांगतो.

त्या दुकानदाराले नावं ठेवू नका. आपल्या पिढीनं जपानी कार्टून पाह्यलं तेच रविवारी सकाळी दूरदर्शनवर, पोरासोरांच्या वेळेला. मोगलीवाली मालिका निप्पॉन ॲनिमेशननं काढलेली, जपानची. गंमत पाहा, गोष्ट सिवनीच्या जंगलातली, म्हणजे आपल्या पेंचच्याच अंगची, नागपुरातून जबलपूर रोडनं निघालं की येते ती. चित्रं काढली जपानात, आणि आपण चड्डी पहन के फूल खिला म्हणत पाह्यली. मंग कार्टून म्हणजे लेकरांचं, हे डोक्यात बसलं तर नवल काय?

तसंच 2008 साली मी पोरीसाठी एक सिनेमा आणला. ती सात वर्षांची. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. कव्हरवर भाऊ-बहीण, काजवे. वाटलं, छान आहे. हासुद्धा 1988 चाच, तुमच्या ‘अकिरा’च्या तीन महिने आधी आला. जपानात तर तो ‘तोतोरो’ या लहान मुलांच्या सिनेमाच्या जोडीला लावला होता, एका तिकिटात दोन. म्हणजे तिथंही कितीक आईबाप फसले असतील.

सुरुवातीलेच तो पोरगा स्टेशनवर मरते. झाडूवाला त्याच्याजवळचा गोळ्यांचा डबा बाहेर फेकते, अन् डब्यातून हाडाचे तुकडे पडतात. बहिणीचे. मी उठून गॅलरीत गेलो. बंद करायचं भान राहिलं नाही. पोरगी आत एकटीच पाहत बसली. मागून येऊन विचारते, “बाबा, त्या डब्यात काय होतं?”

मी म्हटलं, गोळ्या.

तिनं त्यानंतर कितीतरी वर्षं संत्रा गोळी तोंडात घातली नाही. नागपूरच्या पोरीनं! मूळ लेखक म्हणतात चुकून पाहावं. राजा, चुकून आम्ही पाह्यलं. मले ते परत घेता आलं असतं तर घेतलं असतं.

बोन्साय_धरमपेठ

काका, हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

फुटाळा_रात्री_दोन

नमस्कार. मी इथला सर्वात लहान दिसतोय. दुसरी_सीडी काका, एक सांगू?

24 मार्च 2020. संध्याकाळी ऑलिम्पिक पुढे ढकलल्याची बातमी आली, रात्री आठला लॉकडाऊन जाहीर. मी सोळा वर्षांचा. ग्रुपवर एक फोटो फिरत होता. ‘अकिरा’मधलाच एक फलक, टोकियो 2020 ऑलिम्पिकला 147 दिवस उरले, आणि खाली कोणीतरी रंगानं लिहिलेलं, रद्द करा. सिनेमा 1988 चा! मी म्हटलं बे, हे पाहावंच लागेल.

पाहायच्या आधी मला सगळं माहीत होतं. बरण्या माहीत होत्या, काओरीचं माहीत होतं, शेवटचं “मी तेत्सुओ” सुद्धा. इशारा आला, तो मी वाचलाही नाही, कोण वाचतं? चादरीत मोबाईल घेऊन पाहिला. तरी तेत्सुओचा हात वाढायला लागल्यावर मोबाईल हातातून सुटला आणि नाकावर आपटला. तर शेवट माहीत असला की पहिल्यांदाची मजा जाते, हे काही खरं नाही. इंच साडेसहा, आणि फाटली होती.

फक्त एकदम नाही पाहिला. दिवसाचा दीड जीबी डेटा तेव्हा वर्गमित्रांसोबत गेम खेळण्यातच जायचा. दवाखान्यापर्यंत पाहिला आणि नेट संपलं. उरलेला दुसऱ्या रात्री.

दुसरी_सीडी

दवाखान्यापर्यंत! म्हणजे तुलाही पहिली सीडीच मिळाली. मधली रात्र कशी गेली ते सांग.

आणि काका म्हणू नको बे, मी छत्तीस-सदतीसचा आहे.

फुटाळा_रात्री_दोन

मधली रात्र झोप नाही लागली, खरं आहे. पण ते लॉकडाऊनमुळे पण असेल ना. बाहेर एक गाडी नव्हती. फुटाळ्यावर इतकी शांतता मी कधी ऐकली नाही.

बरं, दादा.

प्रोजेक्टर_रूम

थोडं व्यवहाराचं बोलू. 2024 पासून आपल्याकडे यूए प्रमाणपत्राचे 7, 13 आणि 16 असे वयाचे टप्पे झाले आहेत. सिवनी_रोड काकांच्या हातात त्या दिवशी कव्हरवर तेवढा एक आकडा असता, तर ती मुलगी संत्रा गोळी खात राहिली असती. इशाऱ्याची टिंगल करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बोन्साय_धरमपेठ

पहिल्यांदाच या धाग्यात प्रोजेक्टर_रूमशी सहमत. नोंद घ्यावी.

आणि दुसरी_सीडी, एक सरळ प्रश्न. तुम्हाला मूल आहे का? असेल तर त्याला चुकून पाहू द्याल?

दुसरी_सीडी

मुलगी आहे. नऊ वर्षांची.

ती पहिली सीडी मी दुकानात परत दिलीच नव्हती. दुकान बंद झालं, राहून गेली. कपाटात आहे, सर्वात वरच्या खणात, जुन्या मार्कशीटच्या खाली.

बोन्साय_धरमपेठ

वरच्या खणात. म्हणजे चुकून हात पोचणार नाही अशा जागी.

दुसरी_सीडी

हो. तुम्ही पकडलंत. काल रात्री स्टूल घेऊन चढलो, काढून पाहिली, पुन्हा तिथंच ठेवली. ती खाली उभी राहून विचारत होती, “बाबा, काय आहे ते?” मी म्हटलं, मार्कशीट. आज सिवनी_रोड काकांची पोस्ट परत वाचली तेव्हा लक्षात आलं मी काय केलं ते.

तरी मत सोडत नाही. माझ्यापुरतं ते वय बरोबर होतं. तिच्यापुरतं नऊ नाही, एवढं मान्य. किती, ते मला कोणत्याही प्रमाणपत्रावरून कळणार नाही.

सिवनी_रोड

आमच्यावालीचं सांगायचं राहून गेलं. ती चोवीसची झाली. मागच्या दिवाळीत घरी आली तर स्वतःच म्हणे, बाबा, तो सिनेमा लावा. मी म्हटलं, काऊन? म्हणे, तुम्ही तेव्हा गॅलरीत गेला होता, तुम्ही पूर्ण पाह्यलाच नाही.

खरंच नव्हता पाह्यला मी. दोघं बसलो. या वेळी मी उठलो नाही. झाल्यावर ती म्हणे, त्या डब्यात काय होतं ते मला तेव्हाच कळलं होतं, तुम्ही गोळ्या म्हटलं म्हणून मी गप्प बसली.

बोन्साय_धरमपेठ

काका…

फुटाळा_रात्री_दोन

दुसरी_सीडी दादा, तुमच्याकडे ती सीडी चालवायला काही आहे का? आमच्या घरी बाबांचा जुना पीसी पडलाय, ड्राईव्ह चालू आहे. मला ते निळ्या स्क्रीनवर थांबणं पाहायचंय. निळी स्क्रीन पीसीवर येईल की नाही माहीत नाही, पण थांबेल तर नक्की.

प्रोजेक्टर_रूम

352 गुणिले 288 पाहायला कोण येणार?

वेळ आणि पत्ता कळवा.

दुसरी_सीडी

या रविवारी दुपारी, आमच्याचकडे, महालात. पीसी घेऊन ये बे. मुलगी आजीकडे जाते रविवारी. ताई, काका, तुम्हीही या. कूलर तोच आहे, टिल्लू पंप तेवढा नवीन टाकला.

बोन्साय_धरमपेठ

येईन. पन्हं तुम्ही करायचं, आणि दार उघडं ठेवायचं.