खोट्या व्हिडिओंवरून सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ए-१०२: अर्थमंत्री गुंतवणुकीची योजना सांगताहेत, तो सकाळचा व्हिडिओ खोटा आहे. एआयने केलेला. कृपया पुढे पाठवू नका.

बी-३०४: काकू, आवाज अगदी त्यांचाच वाटतो हो! बाबा पैसे भरायला निघालेच होते.

ए-१०२: आवाजावर जाऊच नकोस गं. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा असाच फिरला होता. गेमिंग ॲपची जाहिरात, त्यात लेकीचंही नाव. शेवटी त्यालाच एक्सवर सांगावं लागलं की हे बनावट आहे.

सी-२०१: म्हणून म्हणतो, ग्रुपवर एआयचं काहीच नको. गणपतीची चित्रंसुद्धा.

डी-५०३: काका, सरसकट बंदी नको. २०२३ मध्ये ओडिशातल्या ओटीव्ही या वृत्तवाहिनीने लिसा नावाची निवेदिका आणली. ती एआयची आहे हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. कुणाला आवडली, कुणाला नाही, पण फसवलं कुणाला नाही. उलट आशाताईंच्या आवाजाची परस्पर नक्कल होत होती, तेव्हा त्यांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. लोकांचा राग लपवाछपवीवर आहे आणि तो रास्त आहे.

सी-२०१: पण सामान्य माणसाने ओळखायचं कसं?

डी-५०३: नुसतं बघून नेहमी कळेलच असं नाही. मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. परवा पार्किंगमध्ये पाणी शिरल्याचा व्हिडिओ वॉचमनकाकांनी टाकला, तर ‘एआय असेल’ म्हणून कुणी खाली उतरलंच नाही. गाड्या भिजल्या. खोट्याला भुललो तर पैसे जातात, पण खरं सांगणाऱ्यावरही विश्वास उरला नाही तर अडचणीत हाक कुणाला मारायची?

ए-१०२: अगदी खरं. त्या दिवशी त्यांना फार वाईट वाटलं.

डी-५०३: म्हणून ॲडमिनना विनंती, दोन नियम घालूया. एआयने केलेलं काही टाकलं तर वरच तसं लिहायचं. आणि पैशांचा विषय असेल तर मूळ ठिकाणी खात्री केल्याशिवाय फॉरवर्ड नाही. कुणाचे पैसे गेलेच, तर लाजून घरी बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितकं लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

सी-२०१: बरं, चित्रांवरची हरकत मागे घेतो. वर ‘एआय’ लिहायचं मात्र.

बी-३०४: बाबांच्या फोनमध्ये १९३० सेव्ह केलाय. वॉचमनकाकांनाही देते.