‘दंड नाकारला’ की ‘दंड सोडला’? अमेरिकन हायस्कूल फुटबॉलच्या पंचांसाठी मराठी शब्द हवेत

ओहायोकर :
नमस्कार मंडळी. मुलगी इथल्या हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते, त्यामुळे ऑगस्टअखेरपासून आमचा दर शुक्रवार फुटबॉलच्या मैदानावर जातो. यंदा सांगलीहून बाबा आलेत. त्यांनी उमेदीची वीसेक वर्षं खो-खोचे पंच म्हणून काढली. चेंडू कुठं गेला याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांची नजर पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घातलेल्या त्या पाच माणसांवर. कोण कुठं उभा आहे, कोणी काय पाहिलं, खूण कशाची केली, हे सगळं त्यांना मराठीत सांगायचं आणि तेही खेळ चालू असताना. तिथं मी अडखळतो.

गेल्या शुक्रवारचं सांगतो. आमच्या पोरांनी पास झेलला, २५ यार्ड मिळाले. मागं पिवळा रुमाल पडलेला, म्हणजे पंचाला फाऊल दिसलेला. पांढऱ्या टोपीवाल्या रेफरीनं बचाव करणाऱ्या संघावर होल्डिंगचा, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याचा, फाऊल सांगितला, कर्णधाराशी दोन शब्द बोलला आणि दोन्ही हात शरीरापुढं आडवे झटकले. मी म्हटलं, “बाबा, दंड नाकारला.”

बाबा खुर्चीतून उठलेच. “नाकारला म्हणजे? ज्यानं चूक केली त्यानं दंड नाकारायचा आणि पंचानं ऐकून घ्यायचं? असले कसले पंच?”

मी समजावलं की निवड अन्याय झालेल्या संघाची असते. होल्डिंगचे १० यार्ड घेऊन तोच डाव पुन्हा खेळण्यापेक्षा मिळालेले २५ यार्ड बरे, म्हणून आपल्याच पोरांनी तो दंड नको म्हटलं. त्यांना खेळ लगेच कळला. चुकलं होतं ते माझं मराठी. तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. ‘डिक्लाइन’ला काय म्हणाल? आणि त्याच्या आजूबाजूचे फाऊल, पेनल्टी, एन्फोर्समेंट, जजमेंट, इंटरप्रिटेशन यांना काय म्हणाल?

सातारची खो-खोवाली :
दादा, बाबांचं बरोबर आहे. मराठीत दंड ‘नाकारतो’ तो भरणारा. ज्याला मिळायचा तो ‘सोडतो’. आपण व्याज सोडतो, भाडं सोडतो, हक्क सोडतो. म्हणून ‘दंड सोडला’. त्यात कर्ता आपोआप योग्य बाजूला बसतो. ‘माफ केला’ नको, कारण माफी वरचा देतो, राजा किंवा सरकार. इथं पंच काही माफ करत नाहीये.

दुसरं म्हणजे पांढरी टोपीवाला रेफरी आणि काळी टोपीवाला अंपायर हे जर त्या खेळात दोन वेगळे लोक असतील, तर आपल्याकडे शब्द तयार आहेत. रेफरी तो सरपंच आणि बाकीचे पंच. खो-खोच्या मैदानावर आम्ही लहानपणापासून हेच म्हणतो. वेळाधिकारी आणि गुणलेखकही आहेतच. बाबांना ‘सरपंच’ म्हणून बघा, पुढचं विचारणार नाहीत.

ओहायोकर :
ताई, म्हटलं! “मग सरळ सांगायचं ना” असं उत्तर आलं. वर त्यांनीच दाखवून दिलं की माणसं मोजून पाच आहेत, म्हणजे शब्दशः पंच. हायस्कूलच्या नेहमीच्या सामन्याला पाचच असतात : रेफरी, अंपायर, दोन्ही कडांना दोघे आणि मागं खोलवर बॅक जज. मोठ्या सामन्यांना काही ठिकाणी सात.

अनुवादक, दादर :
एक भर घालते. आपला ‘पंच’ पाच या आकड्यावरून आला, तसा इंग्रजीतला ‘अंपायर’सुद्धा संख्येवरूनच आलाय. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नॉनपर’ म्हणजे जोडीत न बसणारा, विषम. दोघांच्या भांडणात बाहेरचा तिसरा. इंग्रजीत ‘अ नंपायर’ बोलता बोलता ‘अॅन अंपायर’ झालं आणि सुरुवातीचा न गळून गेला. दोन भाषा, दोन आकडे, माणूस तोच. आपल्या पंचाच्या मागे ‘पाचामुखी परमेश्वर’ आहे, म्हणजे पाच जण मिळून सांगतील ते खरं. त्यांच्या अंपायरमागे आहे तो तटस्थ तिसरा. फुटबॉलचे पाच जण रुमाल पडल्यावर एकत्र येऊन कुजबुजतात, ते मला आपल्या कल्पनेच्या जास्त जवळचं वाटतं.

आता ओहायोकरांचे कठीण शब्द. मी कोर्टाची आणि सरकारी भाषांतरं करते. ‘एन्फोर्समेंट’ला सवयीनं ‘अंमलबजावणी’ लिहिलं जातं, पण या खेळात तो शब्द त्या अर्थानं येत नाही असं दिसतंय. जाणकारांनी सांगावं.

जर्सीतला अंपायर :
ताई, तुमचा अंदाज बरोबर आहे. मी न्यू जर्सीत शाळांच्या सामन्यांना अंपायर म्हणून उभा राहतो, म्हणजे बचावफळीच्या पाठीमागे पाच-सात यार्डांवर, सगळ्या धक्काबुक्कीच्या तोंडाशी. जरा सविस्तर लिहितो, कारण मराठीत हे कुणाशी बोलायला मिळत नाही.

आमच्यात ‘एन्फोर्स’ करणं म्हणजे दंडाचे यार्ड मोजून चेंडू हलवणं. ‘एन्फोर्समेंट स्पॉट’ म्हणजे मोजणी जिथून सुरू करायची ती जागा : डाव सुरू झाला तिथून, फाऊल झाला तिथून, की डाव संपला तिथून. परीक्षेत सगळ्यात जास्त घाम याच प्रश्नांना फुटतो. त्याला अंमलबजावणी म्हटलं तर ऐकणाऱ्याला पोलीस आठवतील. आमचं काम तलाठ्याच्या जवळचं आहे. म्हणून मी म्हणेन ‘दंडाची आकारणी’ किंवा सरळ ‘मोजणी’.

‘फाऊल’ आणि ‘पेनल्टी’ टीव्हीवर सर्रास एकाच अर्थानं वापरतात. नियमपुस्तकात ते वेगळे आहेत. फाऊल म्हणजे ज्याला दंड ठरवून दिलाय असा नियमभंग, आणि पेनल्टी म्हणजे तो दंड. सोडला जातो तो दंड, फाऊल नाही. फाऊल झालेलाच असतो. फाऊलला मराठी शब्द शोधू नका असं माझं मत आहे. ‘गुन्हा’ फार जड, ‘चूक’ फार मऊ, आणि मैदानावर आपण पिढ्यान् पिढ्या ‘फाऊल’च ओरडत आलोय. फक्त अंगावर जाऊन चिडवणं, शिव्या देणं, पंचाशी उद्धटपणा यांना ‘आगळीक’ हा सुरेख शब्द आहे. तिथं दंड १५ यार्ड, आणि एकाच खेळाडूकडून अशी दुसरी आगळीक झाली की तो सामन्याबाहेर.

आता ‘इंटरप्रिटेशन’. लोकांना वाटतं आम्ही मैदानात नियमाचा अर्थ लावतो. आम्ही तो लावत नाही. अर्थ लावण्याचं काम हंगामाआधी होतं. शाळांच्या फुटबॉलचे नियम एन.एफ.एच.एस. ही इंडियानापोलिसची संस्था छापते. १९२० सालची संस्था आहे. नियमपुस्तकासोबत दाखल्यांचं वेगळं पुस्तक येतं : असं असं घडलं, निर्णय काय? वर राज्याची संघटना बैठक घेऊन सांगते की या नियमाचा अर्थ यंदा असा धरायचा. हा झाला अन्वयार्थ. शुक्रवारी रात्री मैदानात मी लावतो ते तारतम्य.

एक उदाहरण देतो. धाव उजवीकडून चाललीय. डावीकडच्या टोकाला ७२ नंबरच्या पोरानं समोरच्याची जर्सी मुठीत धरली. पुस्तकात ते होल्डिंगच आहे. पण चेंडू तिथून वीस यार्ड लांब, ज्याला धरलं तो पोचणारच नव्हता. मी रुमाल काढत नाही. डाव संपल्यावर त्याच्या शेजारून जाताना म्हणतो, “बहात्तर, हात आत ठेव. धाव इकडून आली तर मला रुमाल टाकावा लागेल.” पोरगा “येस सर” म्हणतो. आणि पुढच्या डावात मी खरंच त्याच्या पंजांकडे बघतो : बोटं उघडी आहेत, समोरच्याच्या छातीवर आहेत. तेच त्यानं वाटेत आडव्या आलेल्याला धरलं असतं तर रुमाल लगेच पडला असता.

नियमावर बोट ठेवून चाललो तर प्रत्येक डावात होल्डिंग सापडेल आणि सामना मध्यरात्रीपर्यंत संपणार नाही. पण सगळीकडे तारतम्य चालत नाही. मैदानात बारावा माणूस असेल तर असेल. आणि डोक्याला मार लागल्याची लक्षणं दिसली, पोरगा गोंधळलेला, तोल जातोय, तर त्याला तिथंच बाहेर काढायचं, कोच कितीही विनवू दे. २०१० पासून नियम स्पष्ट आहे : वैद्यकीय जाणकारानं परवानगी दिल्याशिवाय परत येणं नाही. आम्ही निदान करत नाही, फक्त बाहेर काढतो.

अनुवादक, दादर :
‘तारतम्य’ वाचून मी उठून उभी राहिले. दादा, हा शब्द मुळात ‘तर’ आणि ‘तम’ या प्रत्ययांपासून बनलाय. लघुतर, लघुतम यातले. म्हणजे कमी-अधिक जोखण्याची शक्ती. याहून नेमकं काही सुचणार नाही. ‘जजमेंट कॉल’ला ‘न्यायनिवाडा’ किंवा ‘वैयक्तिक निर्णय’ लिहिणाऱ्यांनी हे वाचावं. वैयक्तिक म्हटलं की लहर वाटते.

जर्सीतला अंपायर :
अगदी. आणि काही नियमांत तर-तम लिहूनच ठेवलंय. हेल्मेटची जाळी हातात आली आणि लगेच सोडली तर ५ यार्ड. पिळली, ओढली तर १५.

डॅलसकर :
टेक्सासमध्ये शाळांचे सामने कॉलेजच्या नियमांनी होतात, तेव्हा इथल्या मंडळींनी वरचं सगळं जसंच्या तसं धरू नये. आणखी एक. आपले बरेच पालक रविवारी टीव्हीवर व्यावसायिक सामने बघून शुक्रवारी पंचांवर ओरडतात. व्यावसायिकांत धावणारा नुसता घसरून पडला तर उठून पळू शकतो. शाळेत आणि कॉलेजात गुडघा टेकला की डाव संपला, कुणी हात लावो न लावो. मीही पहिल्या वर्षी ओरडलो होतो, आणि शेजारच्या आजींनी शांतपणे समजावलं होतं.

सातारची खो-खोवाली :
मला ‘होल्डिंग’चं कोडं पडलंय. कबड्डीत पकड केली की टाळ्या पडतात!

ओहायोकर :
बाबांनीही हेच विचारलं. आम्ही असं ठरवलं : चेंडूवाल्याला पाडतात ती ‘पकड’, ती कायदेशीर. त्याला वाट करून देणारे समोरच्याला ‘अडवतात’, तेही कायदेशीर. अडवताना ‘धरून ठेवलं’ तर फाऊल. अडवा, पण धरू नका. आठवीतल्या भाचरालाही हे समजलं.

रुमालाबद्दल. ‘फ्लॅग’ला मी आधी झेंडा म्हणत होतो. बाबा म्हणाले, “झेंडा रोवतात, हा तर टाकतोय.” मग रुमाल. आणि तो नेमका बसला. एसटीच्या खिडकीतून आपण रुमाल टाकून जागा धरतो ना, तसंच आहे हे. फाऊल जिथं झाला त्या जागेची खूण म्हणून तो पडतो, कारण मोजणी तिथून सुरू होऊ शकते. ही पद्धत आमच्या ओहायोतलीच. पूर्वी पंच भोंगा वाजवायचे आणि गर्दीच्या आवाजात तो कुणाला ऐकू जायचा नाही. यंगस्टाउनचे प्रशिक्षक ड्वाइट बीडी यांनी पत्नीकडून कापडाचे रुमाल शिवून घेतले, लाल, त्यावर पांढरे पट्टे. १७ ऑक्टोबर १९४१ ला ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या सामन्यात ते पहिल्यांदा वापरले. पिवळा रंग नंतरचा.

कराडचा शेतकरी :
खेळातलं मला काही कळत नाही, पण तलाठी आणि मोजणी वाचून थांबलो. तो साखळी घेऊन पळणारा माणूस टीव्हीवर पाहिलाय. किती फुटांची असते?

जर्सीतला अंपायर :
काका, १० यार्ड, म्हणजे ३० फूट. चार डावांत तेवढं अंतर कापायचं असतं.

कराडचा शेतकरी :
मग आमच्या साखळीपेक्षा तीन फूट तोकडी. आमची ३३ फुटांची. ३३ बाय ३३ म्हणजे गुंठा.

जर्सीतला अंपायर :
काका, तुमच्यामुळे आणखी एक शब्द सुटला. समोरासमोर उभ्या दोन संघांच्या फळ्यांमधे चेंडूच्या लांबीएवढा पट्टा मोकळा सोडायचा असतो, त्याला ‘न्यूट्रल झोन’ म्हणतात. मी त्याला ‘तटस्थ पट्टा’ लिहीत होतो. तो तर बांध आहे! आणि त्यात आधीच शिरण्याच्या फाऊलचं नाव ‘एन्क्रोचमेंट’, म्हणजे चक्क अतिक्रमण. व्यावसायिक खेळात याचे तीन वेगवेगळे फाऊल आहेत आणि ‘ऑफसाइड’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी. शाळेच्या पुस्तकात ऑफसाइड नावाचा फाऊलच नाही. बचाववाला बांध ओलांडून आला की तिथंच शिट्टी, ५ यार्ड. घाईनं मागं फिरला तरी सुटका नाही. तरीही दर शुक्रवारी निवेदक ‘ऑफसाइड’ म्हणतो.

शिट्टीवरून आठवलं. आमच्यात नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात की शिट्टीनं डाव संपत नाही. डाव नियमानं संपतो, शिट्टी ते कळवते. म्हणून चेंडू डोळ्यांनी दिसल्याशिवाय फुंकायची नाही. चुकून वाजलेल्या शिट्टीला ‘इनअॅडव्हर्टंट व्हिसल’ म्हणतात. मी एकदा वाजवलीय. चेंडू ढिगाऱ्याखाली आहे असं धरून फुंकली आणि चेंडूवाला पोरगा उलट बाजूनं एकटा पळत होता. तो थांबून माझ्याकडे वळला, तो चेहरा मी विसरलेलो नाही. याला मराठी काय? ‘अनवधानाची शिट्टी’ पुस्तकी वाटतं.

सातारची खो-खोवाली :
‘चुकार शिट्टी’. चुकार गुरू असतं, चुकार पोर असतं. कळपातून भलतीकडे निघालेलं. आणि दादा, तो पोरगा आज मोठा झाला असेल, तुम्ही मनावरचा भार हलका करा. खो-खोत माझ्याकडूनही अशी गेलीय.

जर्सीतला अंपायर :
चुकार शिट्टी. घेतला शब्द, ताई. मनापासून आभार.

अनुवादक, दादर :
आणि पुस्तकातच नसलेलं काही घडलं तर?

जर्सीतला अंपायर :
त्याची सोय पहिल्याच नियमात आहे. नियमांत स्पष्ट न आलेल्या प्रसंगी सरपंचानं खिलाडूवृत्तीला धरून तत्काळ निर्णय द्यायचा आणि तो अंतिम. मला तेरा हंगामांत एकदाही त्याची गरज पडलेली पाहिली नाही.

ओहायोकर :
काल रात्री पुन्हा सामना होता, एक शेवटचा शब्द राहिलाय. धावणारा पुढं गेला, तिघांनी त्याला उचलून दोन यार्ड मागं ढकललं, तरी पंचानं चेंडू पुढच्या जागी ठेवला. ‘फॉरवर्ड प्रोग्रेस’. मी ‘अग्रगती’ म्हणालो. बाबांनी मान हलवली, थोडा वेळ गप्प बसले, मग कडेच्या पंचाकडे बोट दाखवलं. तो पाय घट्ट रोवून त्या जागेशी उभा होता, चेंडू येईपर्यंत हलला नाही.

“मजल,” बाबा म्हणाले. “त्यानं जिथवर मजल मारली, तिथं हा उभा आहे.”