नेहमीच्याच सुट्टीच्या ठिकाणी नवे काय शोधावे?

प्रश्न

गेली 11 वर्षे आम्ही समुद्रकाठच्या एकाच गावी, एकाच घरात आठवडाभर राहायला जातो. सासूबाईंचा त्या घरावर फार जीव आहे. तिथल्या ओसरीवर सकाळी समुद्राकडे तोंड करून बसण्यासाठी त्या वर्षभर थांबलेल्या असतात. थोरला मुलगा आता 15 वर्षांचा आहे, मुलगी 10 वर्षांची. किनाऱ्यावरच्या एका काळ्या खडकावर दोघांना उभे करून आम्ही दर वर्षी छायाचित्र काढतो आणि ती सगळी छायाचित्रे घरी ओळीने लावलेली आहेत. गेल्या वर्षी मुलगा त्या खडकावर चढला नाही. "तोच खडक, आणि आपणही तेच," एवढेच म्हणाला आणि घराकडे वळला.

मला त्याचा राग आला नाही, पण ते वाक्य मनातून जात नाही. ठिकाण बदलावे असे घरात कोणालाच वाटत नाही, मुलालाही नाही. मी त्याला स्पष्टच विचारले. मग त्याच जागेत नवेपणा कसा आणावा? ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1

तुमच्या प्रश्नाचे उत्तर समुद्राजवळच आहे असे मला वाटते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी सातला असलेली ओहोटी पाचव्या दिवशी सव्वादहा-साडेदहाच्या सुमारास येते. आपण मात्र रोज चहा झाला की ठरलेल्या वेळी किनाऱ्यावर जातो आणि पाणी कुठवर आले आहे याकडे लक्षही देत नाही. या वेळी दिवसाचा बेत घड्याळावरून न आखता ओहोटीवरून आखून पाहा.

त्यातही अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस साधावेत. तेव्हा उधाण असते, म्हणजे भरती जशी उंच चढते तसे ओहोटीचे पाणीही एरवीपेक्षा बरेच आत जाते आणि जे खडक बाकीचे दिवस पाण्याखाली असतात ते उघडे पडतात. आम्ही तीस वर्षे पाहिलेल्या किनाऱ्यावर मला पहिल्यांदा समुद्रपुष्प हा फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी दिसला तो असाच. खडकाच्या खळग्यात वीतभर पाणी साचले होते आणि तळाशी बोटभर रुंदीचे, तपकिरी, फुलासारखे काहीतरी हलत होते. नातीने गवताची काडी हळूच लावली, तर क्षणात ते मिटून गोळा झाले. आम्ही दोघे तिथे ओणवे होऊन तासभर पाहत राहिलो. एक काळजी मात्र घ्यावी: ओहोटी पूर्ण होण्याच्या वेळेपर्यंत परतीची वाट धरावी, कारण पाणी पुष्कळदा मागच्या बाजूने भरत येते आणि वाट तुटते.

आणखी एक गोष्ट. 12 चांद्रमासांचे मिळून 354 दिवस होतात, म्हणून तुम्ही दर वर्षी त्याच तारखांना गेलात तरी तिथी सुमारे 11 दिवसांनी पुढे गेलेली असते. एका वर्षी पौर्णिमा मिळाली तर पुढच्या वर्षी त्याच तारखेला कृष्ण पक्षातली एकादशी असेल. त्यामुळे किनारा तोच असला तरी पाणी कुठवर येईल, रात्री चांदणे असेल की काळोख, हे सगळे बदलते. काळोखाची रात्र मिळाली तर दिवे बंद करून बाहेर बसा. डोळे अंधाराला पुरते सरावायला 20 ते 30 मिनिटे लागतात आणि तेवढा धीर धरला नाही तर निम्मे आकाश दिसतच नाही. गुरू दर वर्षी साधारण एक रास पुढे सरकतो, तो गेल्या वर्षी कुठे होता आणि आता कुठे आहे, एवढे जरी मुलांनी टिपून ठेवले तरी पुढच्या खेपेची ओढ लागते.

उत्तर 2

मी थोडे वेगळे मत मांडते. मुलाचे "आपणही तेच" हे शब्द मला त्या खडकापेक्षा महत्त्वाचे वाटतात. पंधराव्या वर्षी त्याला जागेचा कंटाळा आलेला नसावा. तिथे गेल्यावर आपण सगळे त्याला अजून आठ वर्षांचा समजून वागवतो, याचा आला असावा. पाण्यात कुठवर जायचे, कधी परतायचे, हे बहुधा दर वर्षी मोठेच ठरवत असतील.

आमच्याकडे हेच घडले होते. आम्ही एक संपूर्ण दिवस मुलीच्या हाती दिला: कुठे जायचे, कोणत्या वाटेने, किती वेळ थांबायचे, सगळे तिने ठरवायचे आणि मध्ये कोणी सूचना करायची नाही. तिने आम्हाला गावामागच्या टेकडीवर नेले. वाट दोनदा चुकली, उन्हात चालावे लागले, आणि मला गप्प राहणे फार जड गेले. पण इतक्या वर्षांत आम्ही ते गाव वरून कधी पाहिलेच नव्हते. आपले घर तिनेच आधी ओळखून दाखवले. सासूबाईंची ओसरी मात्र कोणत्याही बेतात घेऊ नका. त्यांना तिथे नवे काही नको आहे, आणि ते योग्यच आहे.

उत्तर 3

फक्त शेवटच्या दिवसाबद्दल सांगतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात लोकांना एकदा 60 सेकंद थंड पाण्यात हात धरायला लावले आणि एकदा तेवढाच वेळ धरून वर आणखी 30 सेकंद, पण त्या शेवटच्या भागात पाणी थोडे कमी थंड केलेले होते. पुन्हा कोणता प्रकार कराल असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. आपल्या सहलीचा शेवट बहुतेक वेळा सामान बांधणे, हरवलेल्या चपला शोधणे आणि चिडचिड यांतच जातो, आणि घरी आल्यावर तीच चव जिभेवर राहते. आम्ही आता बांधाबांध आदल्या दुपारी उरकतो आणि शेवटची संध्याकाळ पूर्ण मोकळी ठेवतो.

प्रश्नकर्तीकडून

तिघांचेही मनापासून आभार. आमच्या पहिल्या दिवशी शुद्ध द्वादशी आहे, म्हणजे पौर्णिमा चौथ्या दिवशी आणि उधाणाची ओहोटी पाचव्या-सहाव्या दिवशी मिळेल. शेवटच्या रात्री चंद्र उशिरा उगवेल, तेव्हा अंधार पडल्यावर थोडा वेळ तारे पाहता येतील. ती रात्र मोकळी ठेवते. पाचवा दिवस मुलाच्या हाती द्यायचे ठरवले आणि त्याला तसे सांगितले. त्याने लगेच काही उत्तर दिले नाही, पण रात्री येऊन विचारले, "त्या दिवशी आजीलाही नेता येईल का? पाणी लांब गेले असेल तर वाळू घट्ट असेल, तिला चालता येईल."