मदत हवी आहे: फुलटेक्स्ट शोधात (नोंदींतले शब्द शोधताना) स्टार (*) आणि ऑर (इंग्रजी 'किंवा') नीट चालून नाही राहिले

कळमनावाला: आमच्या अडतीच्या जुन्या नोंदी टाइप करून शोधायची सोय करून राहिलो. संत्र* (म्हणजे संत्रनं सुरू होणारे शब्द) टाकलं की सातारा आणि सीतारामच्या नोंदीपण येतात. संत्र* ऑर मोसंब* टाकलं तर एकही नाही. वेगवेगळे शोधले तर दोन्ही निघतात. आज रात्री बाबांना दाखवायचंय, लवकर सांगा.

धरमपेठकर: डेटाबेस कोणता? क्वेरी (शोधाचं वाक्य) जशीच्या तशी टाका.

रामटेकचा: भाऊ, मायएसक्यूएल डेटाबेसच्या फुलटेक्स्ट शोधात ऑर नसतंच. बूलियन मोडमध्ये (चिन्हं वापरून शोधायच्या पद्धतीत) नुसती जागा सोडून शब्द लिहा, कोणताही एक सापडला तरी नोंद येते. दोन्ही हवेच असतील तर प्रत्येकाआधी अधिकचं चिन्ह.

धरमपेठकर: त्यांनी मायएसक्यूएल म्हटलंय कुठं? एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसात उलटं आहे, जागा सोडली की दोन्ही शब्द लागतात.

वर्धारोड: हे सोडा, लाइक (मजकुरात कुठंही तुकडा जुळवणारी अट) लावा, शब्दाच्या दोन्हीकडं टक्क्याचं चिन्ह. माझ्या दुकानाचा सगळा स्टॉक त्यावरच चालते.

कळमनावाला: एसक्यूलाइटच, त्यातली फुलटेक्स्टची सोय एफटीएस५. ऑर स्मॉल इंग्रजी अक्षरांत आहे, त्यानं काय फरक पडते?

धरमपेठकर: तोच फरक आहे. अँड, ऑर, नॉट कॅपिटलमध्ये असतील तरच ऑपरेटर (शोध कसा करायचा ते सांगणारे शब्द). स्मॉल ऑर हा शोधायचा शब्द होतो, तो तुमच्या मराठी नोंदीत कुठून असणार? आणि 'कळमना (संत्र* ऑर मोसंब*)' असं लिहाल तर सिंटॅक्स एरर. कंसाआधी अँड लिहावंच लागतं.

जुनीमंगळवारी: सातारा का येतो ते राहिलंच. युनिकोड६१ हा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) अक्षरं आणि अंकच धरतो. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त आला की तिथं शब्द तोडतो. संत्राचे तुकडे स, त, र. साताराचेही तेच. सीतारामचे स, त, र, म. टोकनायझरच्या कॅटेगरीजमध्ये मूळ यादी ठेवून एमएन आणि एमसी (काना, वेलांटीसारख्या खुणांचे युनिकोड गट) जोडा, टेबल नव्यानं बनवा, नोंदी पुन्हा भरा.

वर्धारोड: लाइकमध्ये ही भानगडच नाही.

जुनीमंगळवारी: नाही, पण साध्या टेबलावर ते प्रत्येक ओळ वाचत बसतं.



कळमनावाला: सातारा गेला, ऑरही चालला! आता *बाजार टाकलं की एरर. फळबाजार, धान्यबाजार दोन्ही पाहिजेत.

धरमपेठकर: स्टार शब्दाच्या शेवटीच चालतो.

जुनीमंगळवारी: मधलं-शेवटचं शोधायचं तर ट्रायग्राम (तीन-तीन कॅरॅक्टरचे तुकडे करणाऱ्या) टोकनायझरचं वेगळं टेबल करा. शोधाला किमान तीन कॅरॅक्टर लागतात. त्यावर लाइकसुद्धा इंडेक्स (शोधासाठीची तयार सूची) वापरतं.

वर्धारोड: मी पहिल्यापासून लाइकच म्हणून राहिलो.