प्रति: कोरियन बास्केटबॉल क्लब आणि शहर

'कोरियात क्लब कंपनीचा, शहर फक्त नावापुरतं' असं इथे कुणीतरी म्हटलंय, ते मला अर्धंच पटलं. केसीसी इजिस या संघाचा प्रवास बघा: मूळचा ह्युंदाईचा संघ, १९९७ पासून देजनमध्ये, २००१ मध्ये केसीसी कंपनीने घेतला आणि जनजू शहरात नेला, आणि २०२३ मध्ये नव्या स्टेडियमवरून नगरपालिकेशी बिनसलं म्हणून थेट बुसानला. जनजूच्या चाहत्यांच्या पोटात गोळा आला असणार. पण बुसानही दुखावलेलंच होतं. त्यांचा केटी हा संघ (केटी ही दूरसंचार कंपनी) २०२१ मध्ये सुवनला निघून गेला होता. आणि २०२४ च्या अंतिम मालिकेत समोर कोण, तर तोच केटी! बुसानच्या साजिक मैदानात दहा हजारांवर लोक आले. साखळीत पाचव्या आलेल्या केसीसीने ४-१ ने विजेतेपद घेतलं. पाचव्या क्रमांकाच्या संघाने असं करणं लीगमध्ये पहिल्यांदाच घडलं.

अजून एक गंमत इथे कुणी लिहिली नाही. १९९८ च्या अंतिम मालिकेत बुसानच्या किआ संघाकडून 'हो जे' नावाचा खेळाडू खेळत होता. मालिका ४-३ ने ह्युंदाईने, म्हणजे आजच्या केसीसीनेच जिंकली, तरी सर्वोत्तम खेळाडू ठरला हरलेल्या बाजूचा हो जे. पुढे केसीसीचा प्रशिक्षक होऊन त्याने २००९ आणि २०११ ची विजेतेपदंही मिळवून दिली. २०२४ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा तोच किताब त्याच्या मुलाला, हो उंगला मिळाला, केसीसीच्याच जर्सीत. समोर केटीकडून खेळत होता त्याचा सख्खा धाकटा भाऊ हो हून. त्या घरात जेवणाच्या टेबलावर काय बोलणं झालं असेल, देव जाणे.